शो ग्लोबल स्टेटसमधल्या आकड्यांवरून डेटाबेस स्लो का आहे ते कसं ओळखायचं?

तुम्ही म्हणताय की मायएसक्यूएल डेटाबेसवर शो ग्लोबल स्टेटस (सर्व्हरचे काउंटर दाखवणारी कमांड) मारल्यावर इनोडीबी_बफर_पूल_रीड्स, म्हणजे मेमरीत न सापडल्याने डिस्कवरून केलेली रीड्स, 40 लाख दिसतोय, तर हे जास्त आहे का आणि बफर पूल, म्हणजे डेटा मेमरीत ठेवायची जागा, वाढवायचा का. नुसत्या 40 लाखावरून काहीच सांगता येत नाही हो. हे बहुतेक काउंटर सर्व्हर चालू झाल्यापासून नुसते वाढत जातात, म्हणून आधी त्याच यादीत अपटाइम बघा, तो सेकंदात असतो. सर्व्हर 90 दिवस चालू असेल तर दोन सेकंदाला एखादं रीड डिस्कवर जातंय, सोडून द्या. तासाभरापूर्वीच रीस्टार्ट मारला असेल तर सेकंदाला 1100 झाले, पण तेव्हा पेजेस (डेटाचे तुकडे) मेमरीत यायचीच असतात, जरा थांबून परत बघा. (बफर पूल साइझ अजून डिफॉल्ट 128 एमबीवरच असेल आणि डेटा मोठा असेल तर मात्र बिनधास्त वाढवा.)

खरं काम फरकाचं. साइट रडतेय त्याच वेळी एक रीडिंग घ्या, 60 सेकंदांनी दुसरं घ्या आणि वजाबाकी करा.

आमच्याकडे सगळे बफर पूलचा हिट रेशो (किती रीड्स डिस्कवर न जाता मेमरीतूनच भागली) 99 टक्क्यांच्या वर बघून खूश होते आणि सीपीयू मात्र फुल्ल. मिनिटभराचा फरक काढला तर क्वेश्चन्स (आलेल्या क्वेरी) वाढले 12 हजार आणि हँडलर_रीड_रँड_नेक्स्ट (टेबलमधली पुढची रो वाचण्याचा काउंटर) 3 कोटी, म्हणजे सरासरी एका क्वेरीमागे अडीच हजार रो नुसत्या ओळीने वाचल्या जात होत्या, कारण एका टेबलच्या ज्या कॉलमवर फिल्टर लागायचा त्याला इंडेक्सच (हव्या त्या रो थेट शोधून देणारी सूची) नव्हता. टेबल अख्खं मेमरीत, त्यामुळे डिस्कला हात लागत नव्हता आणि रेशो झकास. तेव्हापासून त्या रेशोवर माझा काडीचा विश्वास नाही. इंडेक्स टाकला, विषय संपला, सेटिंग एकही बदललं नाही.

सिलेक्ट_फुल_जॉइन वाढत असेल तर जॉइनला (टेबलं एकमेकांना जोडणाऱ्या क्वेरीला) इंडेक्स नाहीये, तिथेही मेमरी वाढवण्याआधी क्वेरी बघा. थ्रेड्स_रनिंग (आत्ता काम करत असलेले थ्रेड) हा मात्र त्या क्षणाचा आकडा, त्याची वजाबाकी करत बसू नका.

एकाच क्वेरीवर संशय असेल तर फ्लश स्टेटस मारून तुमच्या कनेक्शनचे काउंटर शून्यावर आणा, ती क्वेरी चालवा, मग शो सेशन स्टेटसमध्ये हँडलरवाले आकडे बघा, फक्त तिचा हिशोब मिळतो. आणि हो, ग्लोबल लिहायला विसरलात तर नुसतं शो स्टेटस तुमच्याच कनेक्शनचे आकडे दाखवतं, मी एकदा अर्धा तास ते शून्य बघत बसलो होतो.