पियानो भाड्यानेच आणा, ताई

मोहोळजवळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आठ एकरांत भुईमूग, शेंगांची चटणीही घरीच करून विकतात. गेल्या हिवाळ्यात शेंगांच्या शेडमध्ये भाड्याचा पियानो ठेवून पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफली केल्या. तिकीट 300 रुपये, दर खेपेला साठेक माणसं. आता 14 लाखांची एफडी मोडून आणि 10 लाख कर्ज काढून हॉल बांधावा, ग्रँड पियानो घ्यावा का?

ताई, मैफली चालू ठेवा, एफडीला मात्र हात लावू नका.

10 लाख, 11 टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता साधारण 17,100 रुपये. तुमच्या एका मैफलीचा गल्ला 18,000. वादकाचं मानधन, गाडीभाडं, चहापाणी कशातून काढणार? शिवाय हप्ता बाराही महिने, मैफल मोजकेच महिने. मे महिन्यात 42 डिग्रीला पत्र्याखाली कोण बसेल, आणि पावसात काळ्या रानातून गाड्या आणणार कशा?

पियानोचं दुखणं वेगळंच. दोनशेच्या वर तारा, सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टन. तारांखालची लाकडी पाटी पावसाळ्यात फुगते, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते, कधी तडकते. वर्षातून दोनदा तरी सुरात लावून घ्यावा लागतो. तो कारागीर बाहेरूनच आणावा लागणार. त्यात शेंगा फोडण्याची धूळ! भाड्याने आणला की ही सगळी काळजी मालकाची.

कराचंही सांगतो. शेंगांचं उत्पन्न करमुक्त, पण तिकिटाचं आणि चटणीचं नाही. कार्यक्रम शेतात झाला म्हणून ती शेती ठरत नाही. 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, तेव्हा दर त्याच्या आतच ठेवा. पीककर्जाचा पैसा इकडे वळवायचा विचारही नको.

खरिपाच्या शेंगा ऑक्टोबरपर्यंत निघतात. मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सोलापूरच्या गड्डा जत्रेचे दिवस सोडून, चार मैफली करा. एफडीचं वर्षाचं व्याज 7 टक्क्यांनी 98,000 होतं. त्यातून शेडला फरशी, जाड पडदे आणि बायकांसाठी नीट स्वच्छतागृह करून घ्या. चटणीचं टेबल दाराशीच मांडा, माणसं निघताना घेतात. मुद्दल मात्र पाऊस दडी मारेल त्या वर्षासाठी राहू द्या. आपल्याकडे ते वर्ष येतंच.

तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. दोन हिवाळ्यांत सगळा खर्च वजा जाता तिथे काही उरलं, तर हॉलचं पुन्हा विचारा.