माझ्या फोनवर नीट चालणारं अँड्रॉइड अ‍ॅप इतरांच्या फोनवर बंद पडतं. क्रॅश रिपोर्टिंग कसं जोडू?

'अ‍ॅप आपोआप बंद होतं' एवढाच रिव्ह्यू हातात असताना चूक शोधत बसणं किती जीव खातं, हे मी भोगलंय. म्हणून आधी कोडला हात न लावता होणारं काम सांगतो. अ‍ॅप प्ले स्टोअरवर असेल तर प्ले कन्सोलमध्ये 'अँड्रॉइड व्हायटल्स' उघडा. ज्यांनी फोनची निदान-माहिती गूगलला द्यायला संमती दिलीय, त्यांच्याकडचे क्रॅश तिथे आत्ताही दिसत असतील. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कारण रोजच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त जणांना क्रॅश दिसू लागले की प्लेवर अ‍ॅप मागे पडू शकतं.

पण त्यावर भागत नाही. मी फायरबेस क्रॅशलिटिक्स वापरतो, म्हणजे क्रॅशचे रिपोर्ट गोळा करणारी गूगलची सेवा. तशीच दुसरी सेवा सेंट्रीही चांगली आहे. फायरबेसवर प्रोजेक्ट काढायचा, तिथली जेसन फाइल अ‍ॅपच्या फोल्डरात ठेवायची, ग्रेडलमध्ये (अ‍ॅप बिल्ड करणाऱ्या साधनात) दोन प्लगइन आणि एक लायब्ररी टाकायची. हे अर्ध्या तासाचं काम आहे.

मग एक बटण ठेवून मुद्दाम एक्सेप्शन, म्हणजे अ‍ॅप कोसळवणारी चूक, फेका. अ‍ॅप कोसळेल, डॅशबोर्डवर काहीच येणार नाही, आणि बरेच जण इथेच 'चालत नाही' म्हणून सोडून देतात. कोसळताना रिपोर्ट फोनमध्येच लिहून ठेवला जातो आणि अ‍ॅप पुन्हा उघडल्यावर पाठवला जातो. तेव्हा अ‍ॅप परत उघडा आणि पाचेक मिनिटं थांबा. पुढे कधी आयफोनवर हीच चाचणी केलीत तर अ‍ॅपलच्या एक्सकोडचा डीबगर अ‍ॅपपासून सोडवून करा, नाहीतर क्रॅश तोच अडवतो.

ही चाचणी रिलीज बिल्डवर, म्हणजे लोकांना जाणाऱ्या आवृत्तीवर करा, एवढं माझं नक्की ऐका. रिलीजमध्ये आर-एट (कोड आखूड करणारं साधन) चालू असलं की क्लास आणि मेथडची नावं 'ए', 'बी' अशी आखूड होतात. ती मूळ नावांशी जुळवणारी मॅपिंग फाइल सर्व्हरवर गेली नाही, तर आलेला स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कुठल्या मेथडमध्ये झाली ते दाखवणारी यादी, वाचताच येत नाही. बिल्ड लवकर व्हावा म्हणून मी एकदा हे अपलोड बंद केलं आणि चालू करायला विसरलो. नवी आवृत्ती गेली, रिपोर्ट धडाधड आले, आणि सगळे 'ए डॉट बी'. बिल्डचा फोल्डर तोवर साफ केला होता. लोकांचं काम अडलेलं असताना मी दोन दिवस नुसते अंदाज बांधत होतो. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीची मॅपिंग फाइल वेगळी जपून ठेवतो.

रिपोर्ट वाचता येऊ लागला की पुढचा प्रश्न येतो: त्या वेळी माणूस काय करत होता? त्यासाठी कस्टम की वापरा, म्हणजे रिपोर्टसोबत जाणाऱ्या तुमच्या स्वतःच्या नोंदी; ६४ पर्यंत ठेवता येतात. मी चालू स्क्रीनचं नाव, नेटवर्क होतं की नाही आणि यादीत किती नोंदी होत्या, एवढं ठेवतो. लॉगमध्ये फोन नंबर, ईमेल किंवा वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर कधीही जाऊ देऊ नका. लोकांनी ते तुमच्या अ‍ॅपला दिलेलं असतं, डॅशबोर्डला नव्हे. क्रॅशची माहिती गोळा करता हे प्लेच्या डेटा सेफ्टी फॉर्ममध्येही भरा.

कॅच ब्लॉकमध्ये गिळून टाकलेल्या चुकाही नॉन-फेटल (अ‍ॅप न कोसळवणाऱ्या) म्हणून पाठवा. एका सेशनमधल्या शेवटच्या आठच टिकतात, त्यामुळे लूपमधून पाठवू नका. अ‍ॅप कोसळत नाही पण गोठतं, अशी तक्रार असेल तर ती एएनआर (अ‍ॅप नॉट रिस्पॉन्डिंग, म्हणजे अ‍ॅप प्रतिसाद देत नाही) असू शकते. अँड्रॉइड ११ आणि पुढच्या फोनवरचे एएनआर क्रॅशलिटिक्समध्ये दिसतात.

दुरुस्ती कुठून सुरू करायची हे ठरवताना क्रॅश किती वेळा झाला यापेक्षा किती जणांना झाला हे पाहा. एकच माणूस तेच बटण पन्नासदा दाबून आकडा फुगवू शकतो. पहिला वाचता येणारा ट्रेस मिळाला की इथे टाका, मी बघतो.