आधी खालचं बघायला शीक

नाशिकरोड

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ‘उडवीन तर फायटरच, आर्मी एव्हिएशन म्हणजे हवेतला टांगा’ असं लिहिलंयस. रागावलो नाही. पण लष्कराच्या स्वतःच्या या हवाई शाखेला टांगा म्हणण्याआधी जरा इतिहास चाळ.

आपलं हवाई दल जन्मलंच मुळी पायदळाच्या मदतीला. 1 एप्रिल 1933 ला कराचीजवळ ड्रिग रोडला पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं ते आर्मी को-ऑपरेशनसाठी, चार वापिटी विमानांवर. पुढे ते वायव्य सरहद्दीवर, वझिरिस्तानात मीरामशाहला गेलं. तेव्हा प्रत्येक तुकडीकडे रेडिओ कुठला! खालचे जवान जमिनीवर कापडी पट्ट्या अंथरून खुणा करायचे. निरोप लेखी असला तर दोन काठ्यांना दोरी ताणून तिला पिशवी बांधायची, आणि वैमानिकानं पार खाली येत विमानाखालच्या आकड्यानं ती उचलायची. बंदुकांच्या टप्प्यात, हे विसरू नकोस.

आता राजस्थान सीमेवरचं लोंगेवाला. मेजर कुलदीपसिंग चांदपुरींची 23 पंजाबची कंपनी, शे-सव्वाशे जवान, 4 डिसेंबर 1971 ची रात्रभर पाकिस्तानी रणगाड्यांना थोपवून बसलेली. जैसलमेरच्या हवाई दलाच्या हंटर जेट विमानांना रात्री हल्ला करायची सोयच नव्हती. फटफटेपर्यंत थांबणं भाग होतं. उजाडलं आणि रॉकेट, 30 मिमीच्या तोफा सुरू झाल्या. रणगाड्याचं चिलखत समोरून जाड, वरून पातळ. त्या वेळचा हवाई फोटो नीट निरख: वाळूत रणगाड्यांचे वेडेवाकडे, गोल गोल माग उमटलेत. आडोसाच नव्हता, मग जिवाच्या आकांतानं नुसतं फिरत राहायचं.

हंटरचं कौतुक होतं, व्हायलाच हवं. पण वरून लक्ष्य दाखवायला कोण होतं? एअर ओपीचे मेजर आत्मा सिंग, बिनशस्त्र, संथ ‘कृषक’ विमानात. एअर ओपी म्हणजे तोफखान्याचेच अधिकारी. गोळा कुठे पडला ते आकाशातून बघून दुरुस्ती सांगणारे. कुठला रणगाडा जळून गेलाय आणि कुठला अजून चालतोय, हे जेटच्या वेगात ओळखायला सेकंद किती मिळतात, याचा तूच हिशोब कर. मला विचारशील तर त्या सकाळी सर्वांत अवघड खुर्ची आत्मा सिंगांची.

याच एअर ओपीतून 1 नोव्हेंबर 1986 ला आर्मी एव्हिएशन कोअर निघाली. तिचं प्रशिक्षण इथे आमच्या नाशिकच्या गांधीनगरला होतं. 2022 मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक इथूनच लष्करातल्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर (लढाऊ वैमानिक) होऊन बाहेर पडल्या. धोकाही सांगून ठेवतो. 28 मे 1999 ला, कारगिल युद्धात, तोलोलिंगपाशी हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर क्षेपणास्त्रानं पाडलं, चौघं गेले. आईला हे लपवू नकोस.

गणित तुझं बरं आहे, नकाशावाचन कच्चं वाटतं. ट्रेकला जातेस ना? टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा तपशीलवार नकाशा, घेऊन जा. गडावर बस, मैत्रिणीला खाली पाठव, आणि फोनवर फक्त शब्दांत सांगून तिला ओढ्याकाठच्या नेमक्या एका झाडापाशी पोचव. ‘त्या तिथे’, ‘इकडे’ म्हणायचं नाही. दिशा, अंतर, खूण, एवढंच. ती चिडेपर्यंत कर.

पुढच्या पत्रासोबत लोंगेवालाचा नकाशा हातानं काढून पाठव. हंटर कुठून आली असतील आणि त्या वेळी सूर्य कुठे असेल, ते त्यावर दाखव.

तुझा,
काका