वर्गात घडाघडा वचनं म्हणणारी मुलं बाहेर गप्प का होतात? धीटपणा शिकवायच्या काही कृती

तुमचा प्रश्न असा: संडे स्कूलमधल्या तुमच्या ८ ते ११ वयाच्या १४ मुलांना बायबलमधली वचनं तोंडपाठ आहेत, पण शाळेत कुणी "तू रविवारी कुठे जातोस रे?" एवढं विचारलं तरी ती विषय बदलतात. त्यांनी आपल्या विश्वासाबद्दल न घाबरता बोलावं म्हणून कोणते खेळ, कोणत्या कृती घ्याव्यात?

पाठांतर कमी पडतंय असं मला वाटत नाही. पाठ केलेलं वचन शिक्षकांनी विचारलं की ठरल्या क्रमाने बाहेर येतं. मित्राचा प्रश्न येतो तो खेळाच्या मधेच, अर्धा हसत, अर्धा चिडवत. त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात काय बोलायचं, याचा सराव मुलांनी कधी केलेलाच नसतो. म्हणून खाली जे सांगते ते सगळं त्या अर्ध्या मिनिटासाठी आहे.

सुरुवात भीतीपासूनच करा. प्रत्येकाला दोन कोऱ्या चिठ्ठ्या आणि एकसारख्या पेन्सिली द्या. "येशूबद्दल बोलताना मला कशाची भीती वाटते?" याचं उत्तर नाव न घालता लिहायला पाच मिनिटं पुरतात, लिहिता येत नसेल त्याने चित्र काढावं. चिठ्ठ्या खोक्यात टाकून तुम्ही स्वतः वाचा, मुलांना वाचायला देऊ नका, अक्षर लगेच ओळखू येतं. बहुतेक चिठ्ठ्यांचे तीन ढीग होतात: "हसतील", "मैत्री तुटेल" आणि "त्याने काही विचारलं आणि मला आलंच नाही तर". इथे शिक्षकांकडून एक चूक हमखास होते. चिठ्ठी वाचली की लगेच "भिऊ नकोस" हे वचन सांगायचं. मुलाला त्यातून एवढंच कळतं की भीती वाटणंच चुकलं. त्या दिवशी फक्त वाचा, ढीग करा आणि त्या चिठ्ठ्यांसाठी प्रार्थना करा. कोणता ढीग मोठा, त्यावर पुढच्या रविवारी काय घ्यायचं ते ठरवा.

बायबलमधल्या गोष्टी निवडताना दानीएल आणि सिंहांची गुहा थोडी बाजूला ठेवा. ती गोष्ट मोठीच आहे, पण वर्गात चिडवलं जाणाऱ्या मुलाला ती आपली वाटत नाही. त्यापेक्षा २ राजे ५ मधली, कोड झालेल्या नामान सेनापतीच्या घरची लहान दासी घ्या. परक्या देशात धरून नेलेली मुलगी, तिचं नावही दिलेलं नाही, आणि तिचं सगळं बोलणं तिसऱ्या वचनात मावतं: धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेले तर त्यांचं कोड बरं होईल. त्यानंतर ती गोष्टीत परत दिसतही नाही. मुलांना विचारा, तिने किती वाक्यं बोलली? पुढचं सगळं कोणी केलं? दुसरी जोडी पेत्राची, येशूच्या शिष्याची. लूक २२ मध्ये शेकोटीजवळ एका दासीने ओळखल्यावर येशूबद्दल "मी त्याला ओळखत नाही" म्हणणारा पेत्र, आणि प्रेषितांची कृत्ये ४ मध्ये यहूदी पुढाऱ्यांच्या सभेपुढे उभा राहून बोलणारा तोच पेत्र. दोन्ही प्रसंग दहा-दहा मिनिटांत मुलांकडून करून घ्या, पण पेत्र एकाच मुलाला करू द्या. तोच माणूस बदलला हे डोळ्यांना दिसायला हवं. आणि कृत्ये ४:२९ मधली प्रार्थना नक्की दाखवा: धमक्या मिळालेल्या मंडळीने त्या धमक्यांकडे पाहा असं प्रभूला सांगितलं, आणि स्वतःसाठी मागितलं ते बोलायचं धैर्य.

आता साक्ष, म्हणजे विश्वासाचा स्वतःचा अनुभव सांगणं. पोस्टकार्डाएवढं कार्ड, त्यावर तीनच वाक्यं: माझ्या बाबतीत काय झालं, त्यात येशूबद्दल मला काय कळलं, त्याने माझ्यात काय बदललं. मोठ्याने वाचून तीस सेकंदांत संपलं पाहिजे. योहान ९:२५ मधल्या आंधळ्याचं उत्तर याचा उत्तम नमुना आहे: मी आंधळा होतो, आता मला दिसतं. अडचण अशी येते की मुलं मोठ्यांच्या साक्षी उचलतात. नऊ वर्षांचा मुलगा "मी अंधारात भटकत होतो" असं लिहितो, कारण त्याने तसंच ऐकलेलं असतं. त्याला "गेल्या महिन्यात तू कशासाठी प्रार्थना केलीस?" असं विचारा. मग खरं उत्तर येतं: "मला रात्री एकटं झोपायला भीती वाटायची. येशू सोबत असतो हे मला कळलं. अजून कधीकधी वाटते, पण मी त्याच्याशी बोलतो आणि झोप लागते." यातलं "अजून कधीकधी वाटते" खोडू नका. मित्र त्याच वाक्यावर विश्वास ठेवतो.

कार्डं तयार झाली की जोड्या करून टकटक खेळा. एकाने साक्ष वाचायची. चर्चबाहेरच्या मुलाला न कळणारा शब्द आला की दुसऱ्याने टेबलावर टकटक करायचं. तारण, पश्चात्ताप, अभिषेक, सुवार्ता, "प्रभूने माझ्याशी व्यवहार केला" या सगळ्यांवर टकटक. वाचणाऱ्याने तेच साध्या शब्दांत सांगायचं. "येशूने माझं तारण केलं" याचं एखादं मूल "माझ्या चुकांची शिक्षा येशूने स्वतः घेतली, म्हणून देव मला जवळ घेतो" असं करतं, तेव्हा त्यालाही अर्थ पहिल्यांदाच लागलेला असतो. एका जोडीला सहा मिनिटं पुरेत. जास्त लांबलं की टकटकच खेळ होऊन बसते.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो तीन खुर्च्यांना. एका खुर्चीवर बोलणारा, समोर मित्र, बाजूला पाहणारा. प्रसंग लिहिलेली बारा कार्डं आधी करून ठेवा: जेवणाआधी डोळे मिटल्यावर कुणी हसलं, मित्राचा कुत्रा मेला, "देव दिसत नाही मग आहे कशावरून?", रविवारच्या सामन्याला का येत नाहीस, "तुमचा देव वेगळा का?". दीड मिनिट बोलायचं, घंटी, मग जागा बदलायच्या. तीन फेऱ्यांत प्रत्येक जण तिन्ही खुर्च्यांवर बसतो, आणि मधल्या बोलण्यासकट वीस मिनिटांत आटोपतं. तुमची मुलं १४, म्हणजे तिघांचे चार गट होऊन दोघं उरतात. त्या दोघांत तिसरे तुम्ही बसा, आणि सगळ्यांत बुजरी दोन मुलं तिथे येतील असं पाहा. पाहणाऱ्याला एकच काम: बोलणाऱ्याने मित्राला उलट काही विचारलं का? "तुला काय वाटतं?" एवढं जरी विचारलं तरी चालेल. "छान बोललास" हे उत्तर धरू नका.

या खेळात तीन गोष्टी बिघडतात. मित्र झालेलं मूल शेवटी "हो, मला येशू हवा!" असं म्हणून गुडघे टेकतं. सगळे टाळ्या वाजवतात आणि बाहेर पहिल्याच मित्राने खांदे उडवले की मूल कोलमडतं. म्हणून नियमच करा: मित्राने शेवटी "बरं", "बघू" किंवा "मला नाही पटत" यांतलंच काहीतरी म्हणायचं आणि बोलणाऱ्याने "चल, खेळू या" म्हणून मैत्री तशीच ठेवायची. दुसरं, चिडवणाऱ्याची भूमिका वर्गातल्या दांडगट मुलाला मिळाली तर खरा जुना राग बाहेर पडतो. चिडवणारा पहिले दोन रविवार मोठ्या माणसानेच करावा, आणि प्रत्येक मुलाच्या हातात एक लाल कार्ड असावं, ते वर केलं की खेळ तिथेच थांबतो. तिसरं, मित्र दुसऱ्या धर्माचा दाखवताना मुलं नक्कल करतात, हेल काढतात. तिथे हसू येऊ देऊ नका, लगेच थांबवा. १ पेत्र ३:१५ मध्ये विचारणाऱ्याला उत्तर द्यायची तयारी ठेवा असं म्हटलंय, आणि तिथेच ते सौम्यतेने आणि आदराने द्या असंही म्हटलंय. हा दुसरा भाग गाळून पहिला शिकवला की धीट मूल तयार होत नाही, उद्धट मूल तयार होतं.

"मला आलंच नाही तर" या ढिगासाठी चेंडूचा खेळ आहे. गोल बसा, ज्याच्याकडे चेंडू जाईल त्याला प्रश्न. पहिल्या फेरीत कोणताही प्रश्न असो, उत्तर एकच: "मला माहीत नाही, पण विचारून सांगतो." ज्याला येतंय त्यानेही तेच म्हणायचं. हे वाक्य जिभेवर बसलं की निम्मी भीती जाते. दुसऱ्या फेरीत ज्याला यायचंय त्याने उत्तर द्यावं. "देवाला कोणी बनवलं?", "प्रार्थना केली तरी आजी का वारली?" असे प्रश्न वहीत लिहा आणि पुढच्या रविवारी त्यातल्या एकावर नीट बोला. आजीच्या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर देऊ नका. मित्र लाजर मेल्यावर त्याच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला, हे सांगून थोडं थांबलात तरी चालेल.

रंगीत मण्यांचं कडं बहुतेक सगळे करतात, तर त्याबद्दल थोडं. त्यातला प्रत्येक रंग सुवार्तेचा एक भाग सांगतो. याचं मूळ शब्दाविना पुस्तकात, म्हणजे नुसत्या रंगीत पानांच्या पुस्तकात आहे. इंग्लंडचे प्रवचनकार स्पर्जन यांनी १८६६ मध्ये लंडनला काळा, लाल, पांढरा अशा तीन पानांवर प्रवचन दिलं. अमेरिकेचे प्रचारक मूडी यांनी १८७५ मध्ये सोनेरी जोडला, हिरवा नंतर आला. १४ मुलांना पाच मणी म्हणजे ७०, हरवणारे धरून ८५ घ्या. दोरा प्रत्येकी २५ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन मीटर, थोडा जास्त धरून चार मीटर घ्या. एका टोकाला आधीच गाठ मारून ते टोक टेबलाला चिकटपट्टीने लावा, नाहीतर मणी जमिनीवर. दुसऱ्या टोकाला चिकटपट्टीचा छोटा तुकडा गुंडाळला की ते सुईसारखं ओवता येतं. घरी तीन वर्षांखालचं भावंड असेल तर मणी त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात. काळ्या मण्याला "पापी माणूस" म्हणू नका, "अंधार" म्हणा. सावळ्या मुलाच्या कातडीकडे कुणी बोट दाखवू नये. आणि ठरल्या क्रमाने रंग घोकून घेऊ नका. मित्र ज्या मण्यावर बोट ठेवेल तिथून दोन वाक्यं सांगता आली पाहिजेत. हा सराव दोन रविवार घेतला नाही तर ते हातातलं नुसतं कडं राहतं.

घरी करायला सहा पायऱ्या द्या: जेवणाआधी मनात प्रार्थना, "मी रविवारी चर्चला जातो" हे साधेपणाने सांगणं, दुःखी मित्राला "तुझ्यासाठी प्रार्थना करू का?" विचारणं; आवडती एक गोष्ट सांगणं; कार्डावरची तीन वाक्यं; नाताळच्या कार्यक्रमाला बोलावणं. आठवड्याला एक, आणि कोणती ते मुलाने ठरवायचं. भिंतीवर तक्ता आणि चांदण्या लावू नका. चांदणीसाठी मुलं न घडलेलंही सांगतात, आणि मागे राहिलेलं मूल रविवारी पोटात दुखतं म्हणू लागतं.

काही मर्यादा मुलांना आणि त्यांच्या पालकांना पहिल्याच दिवशी सांगा. अनोळखी माणसाशी नाही, फोनवर अनोळखी कुणाशी तर नाहीच. मित्र "नको" म्हणाला की विषय संपला. नरकाची भीती घालायची नाही, खाऊ देऊन ऐकवायचं नाही. मित्राला कार्यक्रमाला बोलवायचं तर त्याच्या आईवडिलांची परवानगी आधी. आणि बोलता बोलता मित्राने घरी मारतात किंवा असं काही सांगितलं, तर ते गुपित ठेवायचं नाही, लगेच मोठ्या माणसाला सांगायचं.

पुढच्या रविवारी "कोणी किती जणांना सांगितलं?" असं विचारलंत तर हात वर न करणारी मुलं खाली बघतील. त्याऐवजी "या आठवड्यात कुणी तुम्हाला काय विचारलं?" असं विचारा आणि वही उघडून बसा. ज्याने "काहीच बोललो नाही, पण बोलावंसं वाटलं" म्हटलं, त्याला तो प्रसंग सांगू द्या आणि तोच प्रसंग त्या दिवशीच्या तीन खुर्च्यांवर घ्या.