आयजीजी नेमकी कशावर बसली आहे?

नाशिक

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज ओपीडी उरकल्यावर वाचला. सुरगाण्याची दोन वर्षांची पोर, डोळ्यांवर सूज, लघवीत भरपूर प्रोटीन, स्टिरॉइडला दाद नाही आणि बायोप्सीत 'मेंब्रेनस', म्हणजे किडनीच्या गाळणीच्या पडद्यावर अँटिबॉडी साचून होणारा आजार. या वयात नेफ्रोटिकची (लघवीतून प्रोटीन जाऊन सूज येणारी) बहुतेक मुलं स्टिरॉइडने सुधारतात, म्हणून तू बायोप्सीपर्यंत गेलीस ते बरोबरच केलंस.

पण 'मेंब्रेनस' म्हणजे फक्त गल्ली कळली, घर नंबर शोधायचा आहे. आयजीजी ही अँटिबॉडी कुठल्या प्रोटीनवर बसली आहे, ते विचार. मोठ्या माणसांत याचं उत्तर बहुधा पीएलए२आर हे गाळणीच्या पेशींवरचं प्रोटीन असतं. ते २००९ साली सापडलं आणि प्रौढांच्या प्रायमरी मेंब्रेनसमध्ये साधारण ७० टक्के रुग्णांत तेच निघतं. लहान मुलांत तो हिशेब लागू होत नाही. त्यामुळे रक्तातली पीएलए२आर टेस्ट निगेटिव्ह आली तर फाइल मिटू नकोस.

तुझ्या रुग्णाच्या वयात मला आधी आठवतं ते सेमाफोरिन ३बी हे प्रोटीन. २०२० साली त्याचं वर्णन झालं, मुख्यतः मुलांमध्येच. अगदी लहान मुलांत ट्यूब्यूलच्या (किडनीतल्या बारीक नळ्यांच्या) बेसमेंट मेंब्रेनवरही आयजीजी दिसू शकते. रिपोर्टमध्ये तसा उल्लेख नसेल तर पॅथॉलॉजिस्टला फोन करून विचार. रागावतील, रागावू देत. २०११ साली काही लहानग्यांच्या डिपॉझिटमध्ये (पडद्यावरच्या साठ्यात) चक्क गाईचं अल्ब्युमिन सापडलं होतं, तेव्हा वरचं दूध कधी सुरू केलं तेही लिहून घे. बाळ नवजात असतं, तर मी आधी आईकडे वळलो असतो: आईच्या शरीरात न्यूट्रल एंडोपेप्टिडेज हे प्रोटीन जन्मतःच नसेल, तर तिच्या अँटिबॉडी वारेतून जाऊन बाळाच्या पोडोसाइटवर, म्हणजे गाळणीच्या पेशींवर, बसतात. २००२ साली पॅरिसच्या गटाने हे दाखवलं, आणि माणसाच्या मेंब्रेनसमधलं पहिलं अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडी ज्यावर बसते ते प्रोटीन, हातात आलं.

हेपॅटायटिस बी आणि कॉम्प्लिमेंट (रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रोटीनं) यांच्या टेस्ट आजच पाठव. हेपॅटायटिस निघाला तर उपचारच बदलतात. ल्यूपस (शरीराच्या अँटिबॉडी शरीरावरच उलटण्याचा आजार) या वयात विरळा, पण त्याची एएनए ही रक्तचाचणी करून टाक.

घरी गुटी, भस्म, काढा काय दिलं, ते आजीला विचार. आई सासूसमोर बोलणार नाही. पाऱ्याच्या औषधांनंतर होणाऱ्या मेंब्रेनसमध्ये नेल-१ हे प्रोटीन भारतातल्या रुग्णांत दिसलं आहे. ते बहुतेक प्रौढ होते, तरी प्रश्नाला पैसे पडत नाहीत. फक्त आवाज चढवू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी ते लपवतील.

पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, मात्र जपून ठेव. नवे स्टेन, अगदी मास स्पेक्ट्रोमेट्रीसुद्धा, त्यावर नंतर करता येते. आपल्याकडे सोय नसली तरी ब्लॉक कुरिअरने जातो. आणि पुढच्या बायोप्सीला इम्युनोफ्लोरोसन्सचा (अँटिबॉडी चमकवून बघायच्या तपासणीचा) तुकडा मिशेल मीडियम या द्रावातच टाक. फॉर्मेलिनमध्ये बुडाला की त्या कामाला जवळजवळ गेलाच.

घरच्यांची ऐपत बघून टेस्ट लिही. शनिवारी दुपारी स्लाइड घेऊन पंचवटीच्या क्लिनिकवर ये.

तुझा,
सर