टोकियोत पहिल्यांदाच याकितोरी खायला जाणार आहोत, हातात एकच संध्याकाळ आहे, दोघंही बीफ-पोर्क खात नाही. काय मागवावं?

याकितोरी म्हणजे काडीला ओवून कोळशावर भाजलेले कोंबडीचे तुकडे. तुमच्या हातात एकच संध्याकाळ आहे म्हणता, तर मॉलमधल्या मोठ्या हॉटेलात ती घालवू नका. स्टेशनजवळच्या गल्लीत लाल कंदील टांगलेलं दहा-बारा खुर्च्यांचं दुकान शोधा आणि टेबल न घेता भट्टीसमोरच बसा.

मी नऊ वर्षं टोकियोतल्या निशी-कासाईला राहते. इथे भारतीयांची वस्ती मोठी आहे, पण माझ्या घरामागचं याकितोरीचं दुकान अगदी अस्सल जपानी. बहुतेक शुक्रवारी ऑफिसातून थेट तिथेच जाते.

पहिली ऑर्डर मोमोची द्या, म्हणजे मांडीच्या मांसाची, आणि ‘शिओ’ सांगा, म्हणजे नुसतं मीठ. शिओ की तारे, असं विचारतातच. तारे म्हणजे सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली तांदळाची गोड दारू), साके (तांदळाची दारू) आणि साखर आटवून केलेला गोडसर सॉस. आपली जीभ मसाल्याची, त्यामुळे मन आधी तारेकडे ओढतं. पण ती गोडी एकदा तोंडात बसली की नंतरची मिठाची काडी फिकी लागते. मिठावर भाजलेल्या मोमोत कोंबडीची स्वतःची चव लागते, आणि कोळशाची.

चांगल्या दुकानात हा कोळसा बिंचोतान असतो. वाकायामा प्रांतातला सगळ्यात नावाजलेला. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा आवाज येतो, इतका कडक. त्याला स्वतःचा धूर फारसा नसतो. खमंग वास येतो तो चरबीचा: थेंब निखाऱ्यावर पडतो, चर्र होतं आणि ती वाफ वर मांसाला लागते. आमचे ताइशो, म्हणजे भट्टी सांभाळणारे मालक, एका हाताने काड्या फिरवतात, दुसऱ्या हातात पंखा. चरबीने पेट घेतला की पंख्याचे दोन झटके आणि ज्योत बाजूला. मांस काळं पडू देत नाहीत. मी कितीतरी वेळ नुसती ते बघत बसते.

मोमोनंतर कावा घ्या. ही कोंबडीची कातडी, घड्या घालून काडीला ओवलेली. बाहेरून कुरकुरीत, आत लुसलुशीत. कलेजी-पेठा आवडत असेल तर तुमची चैनच आहे. सुनागिमो म्हणजे पेठा, तो मिठावरच घ्या, दाताखाली करकरतो. हात्सु म्हणजे कोंबडीचं हृदय, तेही मिठावर. रेबा म्हणजे कलेजी. तारेची पाळी इथे येते, कारण कलेजीचा उग्रपणा त्या गोडीने छान मरतो. त्सुकुने हा खिम्याचा गोळाही तारेतच, पण कुठे कुठे त्यात पोर्क मिसळतात, तेवढं विचारून घ्या.

पोर्कचं खरंच सांभाळा. याकितोरी या शब्दात ‘तोरी’ म्हणजे पक्षी असला तरी होक्काइदोतल्या मुरोरानला किंवा सायतामातल्या हिगाशी-मात्सुयामाला याकितोरी मागितली तर डुकराचंच मांस येतं. टोकियोतही बऱ्याच दुकानांत दोन्ही एकाच जाळीवर भाजतात. मेनूत ‘बुता’ दिसलं की ते डुकराचं. ‘बुतानिकु नाशि दे ओनेगाई शिमास’, म्हणजे ‘डुकराच्या मांसाशिवाय द्या’, एवढं वाक्य पाठ करून जा. जाळीसुद्धा वेगळी हवी असेल तर फक्त कोंबडीचंच करणारं दुकान गाठा.

बसल्याबरोबर न मागता काहीतरी खायची एक छोटी वाटी पुढ्यात येईल, ती ओतोशी. तिचे तीन-चारशे येन बिलात लागतात. ती रीतच आहे, फसवणूक नाही. काड्या एकदम दहा मागवू नका, दोन-दोन सांगत जा, म्हणजे प्रत्येक गरम मिळेल. आणि तुकडे ताटलीत काढून वाटून घेऊ नका; निवतात. दोघांना दोन काड्या घ्या. रिकाम्या काड्या समोरच्या बांबूच्या नळकांड्यात टाकायच्या.

शेवटी पोटात जागा असेल तर याकी-ओनिगिरी, म्हणजे सोया सॉस लावून निखाऱ्यावर भाजलेला भाताचा गोळा. त्याला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या दोन काड्या सांगतानाच तोही सांगून ठेवा.