बचत गटाचं, मायक्रोफायनान्सचं कर्ज मिळालं की घराचं उत्पन्न खरंच वाढतं का?

तुम्ही लिहिलंय की शेजारणीने दोनदा कर्ज उचललं, तरी घर होतं तिथेच आहे. ‘तिथेच आहे’ हे कशावरून ठरवलंत, यावर उत्तर अवलंबून आहे.

मी सहा वर्षं आमच्या बचत गटाचं हिशेबाचं रजिस्टर लिहायचे. एकीने गटातून २०,००० रुपये घेतले आणि त्यातून काहीच विकत आणलं नाही, सावकाराचं देणं फेडलं. सावकार महिन्याला शेकडा ५ लावायचा, गट २. म्हणजे १,००० रुपयांचं व्याज ४०० वर आलं. तिची कमाई एका रुपयानेही वाढली नाही, पण दरमहा ६०० रुपये घरात उरू लागले. हे बाहेरून दिसत नाही.

कमाई वाढणं वेगळं. हैदराबादेत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासासाठी १०४ वस्त्या निवडल्या आणि त्यांतल्या ५२ वस्त्यांत आधी कर्ज देणारी शाखा उघडली गेली. दीड-एक वर्षाने पाहिलं, तर धंद्यात पैसा जास्त गेला होता, विशेषतः ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांचा. सरासरी घरखर्च मात्र वाढला नव्हता, म्हणजे घरात खर्चायला जास्त पैसा आलेला दिसला नाही.

मला यात खरी मेख हप्त्याची वाटते. मायक्रोफायनान्सचा हप्ता बऱ्याचदा आठ-पंधरा दिवसांत, नाहीतर महिन्याभरात सुरू होतो. मग बाई म्हैस कशाला घेईल? म्हैस आटली की दूध बंद, वैरण चालू आणि हप्ताही चालू. ती भाजीची पाटी घेते, कारण त्यात रोज पैसे सुटतात. थोडेच, पण रोज. कोलकात्यात काही कर्जदारांना पहिल्या हप्त्याआधी दोन महिने सवलत दिली, तेव्हा त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि नफाही वाढला. थकबाकीसुद्धा वाढली म्हणा, त्यामुळे संस्था का कचरतात तेही कळतं.

पीककर्जाची तर गंमतच. व्याजसवलतीसाठी ३१ मार्चच्या आत भरायचं म्हणून आमच्याकडे चार दिवसांसाठी सावकाराकडून उचलतात, बँकेत भरतात, नवं कर्ज निघालं की सावकाराला परत. याला ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. कागदावर शेतकरी नियमित, पण त्या चार दिवसांचं व्याज त्याच्याच खिशातून.

शेजारणीला दोनच गोष्टी विचारून बघा: पहिला हप्ता कितव्या दिवशी आला, आणि आधीचं सावकाराचं फिटलं का.